सापाची देवी

१७ मे १९३७, सोमवार

दौलत आज मला चावली. खांद्याला. सदरा फाटला, वर कातडं सोललं ते वेगळंच. सुई काढली, पाठ फिरवली आणि बयेनं दात लावले! तिचंही बरोबर आहे म्हणा. दर चौथ्या दिवशी कुणी माझ्या मानेत घोणशीचं विष टोचलं असतं तर मीही चावलो असतो.

आजचा डोस मागच्यापेक्षा वाढीव होता. जानेवारीत पहिल्यांदा दिला तेव्हा मोहरीच्या दाण्याएवढं विष मिठाच्या पाण्यात कालवलं होतं, तरी घोडीनं तीन दिवस चंदीला तोंड लावलं नाही. आता त्याच्या कितीतरी पट देतो. मान सुजते, एक दिवस अंग तापतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा माझ्या सदऱ्यावर डोळा! विषाला मारणारं काहीतरी तिच्या रक्तात तयार होतं. मग मानेची शीर फोडून रक्त काढायचं, उंच काचेच्या बरण्यांत ठेवायचं. रक्त थिजून खाली बसतं आणि वर पिवळं पाणी सुटतं, दह्यावर निवळ येते तसं. तेच सीरम. घोणस चावलेल्या माणसाला ते टोचायचं.

डॉक्टर आज दौलतच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "भावकू, हिचं रक्त आता पिकलं." जसा काही हापूस आंबाच!

२० मे

आमचा साप धरणारा मष्णू जांबोटीकडच्या रानातून दोन घोणशी घेऊन आला. एक मनगटाएवढी जाड. पेटाऱ्यातून आगगाडीच्या इंजिनातून वाफ सुटावी तसा लांबलचक फूत्कार चालला होता. घोडे सगळे भिंतीला चिकटले.

मष्णूला भीती ठाऊक नाही. घोणशीची मान चिमटीत धरून काचेच्या वाटीवर दात टेकवतो आणि माझ्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारतो. "वाटीकडे बघ की रं," म्हटलं. म्हणतो, "तिला बघाया मी कशाला पायजे? तीच मला बघतीया."

२३ मे, रविवार

गावी जाऊन आलो. खानापूरला गाडीतून उतरून चार मैल चाललो. पेरणीच्या आधीची नांगरट सुरू आहे. घरात मात्र बोलणं एकच, नागोजीचं. नागोजी म्हणजे माझा मेव्हणा, गुणाबाईचा पाठचा भाऊ. गेल्या सुगीत भात कापताना घोणस चावली. बैलगाडीनं खानापूर, तिथून आगगाडी, आणि देसूर स्टेशनात जीव गेला. सीरमच्या बाटल्या बेळगावात माझ्या कपाटात रांगेत उभ्या होत्या! किल्ली माझ्या कमरेला होती. गुणाबाई ते कधी बोलून दाखवत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

अंजनीचं सासर त्याच गावात, हाकेच्या अंतरावर. तीही यंदा सासऱ्याच्या भातात उतरणार. आमची एकुलती एक पोर. म्हणाली, "अण्णा, तुमी घोड्यास्नी टोचत बसा तिकडं. हितं आमी मरतोय."

थट्टेनं म्हणाली. पण गाडीत बसल्यावरही तेच ऐकू येत होतं.

२४ मे

रात्रभर विचार केला. आधीच टोचलं तर?

अकरा वर्षं मी देवी डॉक्टरांची पेटी वाहिली आहे. खानापूर तालुक्यातलं एक गाव सोडलं नाही. पुढं पुढं साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे आणि टोचायचो मी. हजारो दंड टोचले असतील! देवीची साथ आल्यावर आम्ही लस घेऊन धावत नव्हतो. साथ यायच्या आधी टोचायचो. आठव्या दिवशी तपासणीला जायचं, फोड धरला की वहीत खूण करायची, पोर सुटलं. मग सापाचंच घोडं कुठं अडलं? साप चावल्यावर पळायचं कशाला? चावायच्या आधी रक्तात औषध असलं की झालं.

इतकी सोपी गोष्ट एवढ्या शिकलेल्या लोकांना कशी सुचली नाही?

२६ मे

डॉक्टरांना विचारलं. ते सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसले होते. "आधी टोचून उपयोग नाही, भावकू. टिकत नाही ते." मान वर केली नाही. का टिकत नाही? तर म्हणे, "मग सांगेन."

मग म्हणजे कधी? डॉ. अप्पासाहेब सरनोबत मुंबईत शिकले, स्वतःच्या हिमतीवर हा सीरमखाना काढला, सगळं मान्य. पण भाताच्या चिखलात त्यांचा पाय कधी पडला आहे का? आमच्या पहिल्या देवी डॉक्टरांनाही मीच दाखवलं होतं की रडणाऱ्या पोराचा दंड कसा धरायचा. पुस्तक त्यांना ठाऊक, माणसं मला ठाऊक.

३ जून

बरणीच्या तळाचं गढूळ सीरम आम्ही ओतून देतो. आज ओतलं नाही. दोनदा कापडातून गाळलं, कार्बोलिकचे थेंब टाकले, दोन बाटल्या भरल्या. चोरी नाही ही. मोरीत जाणारं होतं.

६ जून, रविवार

झालं!

रवळनाथाच्या देवळाच्या ओसरीवर बसलो. मोठ्या पातेल्यात सुया उकळल्या. एकेकाच्या दंडात दोन सी.सी. पहिली सुई अंजनीला, सगळ्यांसमोर. तिनं तोंड वाकडं केलं नाही. मग तिचा नवरा, सासरा, गुणाबाई, आणि मग रांगच लागली. माझ्यावर विश्वास का ठेवणार नाहीत? यातल्या निम्म्यांच्या दंडावरचे देवीचे वण माझ्या हातचे आहेत. वण बघून मी साल सांगत होतो आणि लोक हसत होते.

"ही कशाची देवी म्हणायची, भावकूअण्णा?"

"सापाची."

"मग घोणस चावली तरी मरान न्हाय?"

"न्हाय," म्हणालो मी. छातीठोक म्हणालो.

एकटी बायाक्का तेवढी अडून बसली. सत्तरीची म्हातारी. "घोड्याचं रगात अंगात घिऊन मी देवाम्होरं कशी हुबी ऱ्हाऊ?" म्हटलं, "आक्का, तुझ्या नातवंडांस्नी वासराच्या फोडातली लस मीच टोचली, तवा बरं काय बोलली न्हाईस!" म्हणाली, "ती गाय हुती रं."

सगळं देऊळ हसलं. एकूण तेवीस जणांना टोचलं. नावं वहीत घेतली, जुन्या सवयीनं. परतताना स्टेशनापर्यंत जावई पोचवायला आला, आणि मला इतकं हलकं वाटलं की शिट्टी वाजवत होतो. या वयात!

१३ जून, रविवार

आज आठवा दिवस. तपासणीला गेलो.

उठली! लस उठली! अंजनीच्या पोटावर, मांड्यांवर लाल गांधी. खाज. दोन दिवस कणकण आणि बोटांची पेरं दुखतात म्हणाली, ताकाचा गडू धरवत नाही. आणखी अकरा जणांना तसंच. दोघातिघांचे गुडघे धरलेत. देवीलाही ताप येतो, बगलेत अवधाणाची गाठ येते, तेव्हाच लस लागू झाल्याचं कळतं. इथंही तेच. वहीत बारा नावांपुढं खूण केली. अंजनी वैतागून म्हणाली, "सापापरीस तुमचं औशीदच वंगाळ, अण्णा!" म्हटलं, सोस जरा. जन्माचं काम झालं.

उरलेल्या अकरांचं काय कुणास ठाऊक. त्यांच्या अंगात मुळातच जोर असेल.

२७ जून

अंजनी ठणठणीत. गांधी गेल्या. डॉक्टरांना सांगावंसं फार वाटतं. अजून नको. सुगी पार पडू दे, गावात एकही माणूस दगावला नाही की वहीच नेऊन समोर ठेवतो.

१८ जुलै, रविवार

लावणी चालू आहे. पाऊस असा की छत्रीचा उपयोग नाही.

बांधावर एक गोष्ट पाहिली आणि जरा बरं वाटलं नाही. आमच्याकडं बांधावरून जाताना पुढचा माणूस काठी आपटत जातो. गवतात काही असलं तर सरकतं. हे कुणी शिकवत नाही, चालायला लागल्यापासून येतं. आज अंजनी आणि तिच्या जावा रिकाम्या हातानं चालल्या होत्या. शिवाय बांधाच्या बिळात कोपरापर्यंत हात घालून खेकडे काढत होत्या!

ओरडलो मी. अंजनी चिखलानं माखलेला दंड पुढं करून म्हणाली, "आता काठी कशाला? ही हाय की!"

माझंच औषध मला दाखवलं. हसलो.

११ ऑगस्ट

नागपंचमी. आज विष काढायचं नाही. मष्णूनं पेटाऱ्यांना हळदकुंकू वाहिलं, लाह्या टाकल्या. घोडेही आज मोकळे.

२४ ऑगस्ट, मंगळवार

मष्णू गेला.

लिहून काढतो. लिहिल्याशिवाय डोकं चालणार नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला वाटीवर घोणस धरली होती. ती निसटली आणि अंगठ्याला चावली. मष्णू घाबरला नाही. तिला आधी पेटाऱ्यात घातली, झाकण लावलं, मग म्हणाला, "भावकूअण्णा, चावली." आम्ही काय जंगलात होतो? कपाट दहा पावलांवर. डॉक्टर धावत आले, दोन बाटल्या भरल्या, दंडाच्या शिरेत दिल्या. दौलतचंच सीरम. मी त्याचा हात धरून बसलो होतो. मनात म्हटलं, नागोजीला हे मिळालं असतं तर.

सुई निघाली न निघाली तोच मष्णू म्हणाला, "घसा आवळतोय." ओठ सुजले. डोळे बंद होण्याइतके फुगले. अंगावर गांधी उठल्या, लाल लाल, माझ्या डोळ्यांसमोर. डॉक्टरांनी कसलीशी दुसरी सुई दिली, छाती चोळली. दहा मिनिटं. बस्स, दहा मिनिटं. अंगठा अजून धड सुजलाही नव्हता.

त्या गांधी मी ओळखल्या.

२५ ऑगस्ट

डॉक्टर दिवसभर खुर्चीत बसून होते. मी चहा नेला. ते आपणहून बोलायला लागले.

मष्णू विषानं गेला नाही. सीरमनं गेला. तीन वर्षांपूर्वी तो दुसरीकडे साप धरायला होता, तिथं त्याला साप चावला होता, आणि तेव्हा सीरम टोचलं होतं. हे त्याच्या बायकोनं काल सांगितलं. "मी विचारलंच नाही रे भावकू. एका प्रश्नाचं काम होतं." घोड्याचं सीरम एकदा शरीरात गेलं की शरीर ते लक्षात ठेवतं. पुढं कधीही पुन्हा गेलं की एखाद्याचं शरीर त्याच्यावरच उलटतं. सगळ्यांचं नाही उलटत. कुणाचं उलटेल ते आधी कळत नाही. आधी घेतलेल्या माणसाला एकदम द्यायचं नसतं. आधी थेंबभर, मग अर्धा तास थांबायचं, मग थोडं थोडं.

मी विचारलं, पहिल्यांदा घेतल्यावर आठवड्यानं गांधी येतात, सांधे धरतात, ते कशानं? आवाज नीट ठेवला.

म्हणाले, "तीच त्याची खूण. शरीरानं ओळख ठेवल्याची."

आणि विषापासून राखण? "ती दोन-तीन आठवड्यांत संपते. तुला मागं सांगितलं होतं ना, टिकत नाही म्हणून? देवीच्या लशीनं माणसाचं शरीर स्वतः औषध तयार करतं. हे घोड्याचं उसनं. उसनं किती दिवस पुरणार?"

बारा नावांपुढं मी खुणा केल्या आहेत. माझ्या हातानं.

२६ ऑगस्ट

राखण गेली. फक्त धोका राहिला. तेवीस घरांत—नाही, तेवीस अंगांत.

आणि त्यांना वाटतं त्यांना काही होणार नाही.

२ सप्टेंबर

पोलीस पंचनाम्याचे कागद घेऊन आले होते. डॉक्टरांनी जसं झालं तसं सांगितलं. मी कपाटामागं बाटल्या पुसत होतो. एकच बाटली पाऊण तास पुसली.

सांगायचं होतं. तोंड उघडलंही. "साहेब," म्हणालो. "काय रे?" म्हणाले. म्हटलं, दौलतची चंदी संपत आली.

भ्याड!

२० सप्टेंबर, सोमवार

दोन बातम्या. दोन्ही डॉक्टरांनी आनंदानं सांगितल्या.

एक म्हणजे सगळ्या बाटल्यांवर आता छापील चिठ्ठी लागणार. "रोग्यास पूर्वी घोड्याचे सीरम टोचले आहे काय, हे विचारल्याविना देऊ नये." चिकटवायचं काम माझ्याकडं. दिवसभर खळ लावून चाळीस चिठ्ठ्या डकवल्या.

दुसरी म्हणजे सुगीच्या आधी खानापूरच्या दवाखान्यात सहा बाटल्या ठेवायच्या. "तुझाच हट्ट होता ना? घे, मान्य केला." नागोजी गेल्यापासून मी त्यासाठी डॉक्टरांच्या मागं होतो. किती वेळा बोललो असेन! गावापासून चार मैलांवर आता बाटल्या असणार. आता माझ्या गावाला बेळगाव गाठावं लागणार नाही.

मी हातातली चिठ्ठी उलटीच चिकटवली. डॉक्टरांना वाटलं गहिवरून आलं.

१४ ऑक्टोबर

दसरा. घोड्यांना झेंडूच्या माळा घातल्या. दौलतनं स्वतःची खाल्ली, शेजारच्या घोड्याचीही ओढून खाल्ली. डॉक्टर हसले. मष्णू गेल्यापासून पहिल्यांदाच.

आज तरी सांगायला हवं होतं. सणाचं कशाला, म्हणून राहिलं. मला निमित्तांची कमतरता कधीच पडत नाही.

३१ ऑक्टोबर, रविवार

गेलो. ठरवूनच गेलो होतो की गावाला जमवून सगळं सांगायचं.

भात पिकून पिवळं पडलंय. आठवड्या-दोन आठवड्यांत कापणी. देवळाच्या ओसरीवर चारदोन माणसं होती, मला बघून उठून उभी राहिली. "या अण्णा! तुमच्या देवीनं यंदा एक माणूस गेला न्हाय बगा गावात." पाणी प्यालो आणि अंजनीकडं गेलो.

ती खळं सारवत होती. तिला मात्र सांगितलं. सगळं. मष्णूचं, गांधींचं, सगळं. ती शेणाचे हात तसेच धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आमी आता उघडंच की?"

म्हटलं, काठी घेऊन चाल. बिळात हात घालू नको. आणि समजा काही झालंच, तर खानापूरला बाटली आहे. कंपाउंडर विचारील, आधी घोड्याचं सीरम घेतलं होतं का. व्हय म्हणायचं. बाकी काही बोललं नाहीस तरी चालेल, एवढं म्हणायचं. मग तो थेंबाथेंबानं देईल. माझ्यासमोर तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. "घेतलंय," "घेतलंय." पोपटासारखी म्हणाली, हसलीही.

मग विचारलं, "कुणी टोचलं म्हून इचारलं तर?"

इथं मी चुकलो. गप्प बसायला हवं होतं, नाहीतर ठणकावून सांगायला हवं होतं की माझं नाव सांग. पण दोन महिन्यांचं साचलेलं बाहेर पडलं. म्हटलं, टोचणारा भावकू, दुसरा कोण? नोकरी जाईल. पोलीस एकदा येऊन गेलेत, पुन्हा येतील. बापाच्या हातात बेड्या बघशील. आणि रडलो. पोरीपुढं रडलो! तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, मी लहान असल्यासारखं. "असं काय करतासा अण्णा. काय हुईत न्हाय तुमास्नी. मी हाय की."

बाकी बावीस जणांना ती सांगते म्हणाली. काठीचं तेवढं सांगते. बाकीचं हळूहळू.

मला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या कुणीतरी सांगावं.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. गेलो नाही. दौलतचं रक्त काढलं. अलीकडं ती चावत नाही, नुसती उभी राहते. पोट ओढलंय. डॉक्टर म्हणतात, हिला आता विश्रांती द्यायला हवी.

१० नोव्हेंबर

गुणाबाईचं कार्ड आलं, शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलेलं. कापणी सुरू. अंजनी काठी घेऊन जाते. बाकीचे तिला हसतात.

म्हणजे तिनं कुणाला काही सांगितलेलं नाही. माझ्यासाठीच.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं. डॉक्टरांना. वही टेबलावर ठेवली आणि उभा राहिलो.

त्यांनी नावं वाचली. खुणा बघितल्या. "हे काय आहे?" मी सांगत गेलो, आणि त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला की मला वाटलं आता खुर्चीवरून पडतील. पहिला प्रश्न, "किती?" म्हटलं, तेवीस. मग ओरडले. अकरा वर्षं पेटी वाहिलीस म्हणून डॉक्टर झालास का, माझ्याच घरात माझ्याच बरण्यांतून—पुढचं लिहीत नाही. एकही शब्द खोटा नव्हता. दौलत पलीकडं खिंकाळायला लागली, एवढा आवाज चढला होता.

मग वही मिटली. मग म्हणाले, "मी तुला ‘मग सांगेन’ म्हणालो होतो." आणि डोक्याला हात लावला. मला वाटलं होतं हाकलतील. म्हणाले, "कुठं जायचं नाही. नोकरी सोडून पळायची सोय नाही तुला. ह्या तेवीस माणसांना जन्मभर सांभाळायचं आहे, आणि ते तूच करायचं." पोलिसांचं विचारलं. म्हणाले, तू कुणाला मारलेलं नाहीस. अजून तरी नाही. माणसं वाचवू आधी.

त्यांनी स्वतःच्या अक्षरात यादी उतरवली. तेवीस नावं, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, या माणसांस एकदम डोस देऊ नये. खाली सही. उद्या सकाळच्या गाडीनं मी खानापूरला जायचं, यादी कंपाउंडरच्या हातात द्यायची, मग गावात जाऊन माणूस न् माणूस गाठून सांगायचं. त्यांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा मी पुन्हा रडलो. रडका झालोय हल्ली.

अंजनीला जाऊन सांगीन, बाई, सुटलो. तुला आता माझं काही लपवायला नको.

जेवलो. दोन महिन्यांनी अन्नाला चव लागली.

१३ नोव्हेंबर, शनिवार

अकराला खानापूरला उतरलो. दवाखान्याच्या पायरीवर जावई बसला होता. शेजारी काठी.

पेंढी उचलताना अंजनीला घोणस चावली. आठला आणली, चांगली शुद्धीवर होती. कंपाउंडर भला माणूस. चिठ्ठी वाचून त्यानं तिला तीनदा विचारलं, आधी घोड्याचं सीरम घेतलं होतंस का, म्हणून. मग पुरी बाटली दिली. साडेआठला गेली.

तिन्ही वेळा न्हाय म्हणाली.